जर्मनीचे एकीकरण: जकातसंघाने की तोफांनी?

मूळ लेख

जर्मनीच्या एकीकरणाचे सारे श्रेय प्रशिया या जर्मन राज्याचा मुत्सद्दी बिस्मार्क याने डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सशी केलेल्या तीन युद्धांना देणे मला पटत नाही. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत प्रशियाला ऱ्हाईनकाठचा मोठा प्रदेश मिळाला, परंतु तो बर्लिनकडील मुलखापासून तुटलेला होता आणि मधल्या राज्यांच्या जकातनाक्यांमुळे मालाची ने-आण महाग पडे. या अडचणीतूनच १८१८ चा प्रशियाचा जकात कायदा आणि १ जानेवारी १८३४ पासून त्सोलफेराइन हा जर्मन राज्यांचा जकातसंघ उभा राहिला. ऑस्ट्रिया त्याबाहेर राहिला, हे मला निर्णायक वाटते. पुढच्याच वर्षी न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ रेल्वे धावली. १८६२ मध्ये बिस्मार्क प्रशियाचा मुख्य मंत्री झाला, तेव्हा संघातील राज्यांचा व्यापार एकमेकांत पुरता गुंतला होता.

प्रतिसाद १

आपल्या मांडणीत १८६६ साल कोठे बसते? बव्हेरिया, वुर्टेम्बर्ग, सॅक्सनी आणि हॅनोव्हर ही चारही राज्ये जकातसंघाची सदस्य होती आणि चारही ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढली. व्यापारातून राजनिष्ठा जन्मत असती, तर असे घडले नसते. विजयानंतर प्रशियाने हॅनोव्हरचे राज्यच गिळले, ते काही कराराने नव्हे. १८६८ मध्ये जकातसंघाच्या संसदेच्या निवडणुकीत बव्हेरिया आणि वुर्टेम्बर्गच्या मतदारांनी प्रशियाविरोधकांना कौल दिला. दक्षिणेला आत आणले ते १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाने.

मूळ लेखकाचे उत्तर

१८६६ चा आक्षेप रास्त आहे, पण त्याच युद्धानंतर काय झाले तेही पाहावे. पराभूत दक्षिणेकडील राज्यांना १८६७ मध्ये प्रशियाच्या अटींवर जकातसंघाचा नवा करार स्वीकारावा लागला, कारण संघाबाहेर पडणे त्यांना परवडणारे नव्हते. शिवाय ज्या तोफांचा आपण गौरव करता, त्या एसेनच्या क्रुप कारखान्यातील पोलादाच्या होत्या, आणि प्रशियाचा सरसेनाधिकारी मोल्ट्के याने १८६६ मध्ये सैन्य सीमेवर जलद जमवले ते रेल्वेच्या बळावर.

प्रतिसाद २

या वादात १८४९ हरवले आहे, याचे मला वाईट वाटते. फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या निर्वाचित अखिल जर्मन संसदेने प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याला सम्राटपद देऊ केले आणि त्याने ते नाकारले. लोकप्रतिनिधींच्या हातून मुकुट घेणे त्याला कमीपणाचे वाटले. १८७१ च्या साम्राज्यात राइशटाग या संसदेसाठी २५ वर्षांवरील पुरुषांना मताधिकार होता खरा, परंतु चॅन्सेलर म्हणजे सरकारचा प्रमुख तिला जबाबदार नव्हता, आणि प्रशियात संपत्तीनुसार मताचे वजन ठरवणारी त्रिवर्गीय पद्धत १९१८ पर्यंत टिकली. १८७९ च्या संरक्षक जकातींनी लाभ झाला तो पोलाद कारखानदारांचा आणि पूर्वेकडील जमीनदारांचा. कामगारांच्या वाट्याला महाग धान्य आले आणि त्यांच्या पक्षावर १८७८ पासून १८९० पर्यंत समाजवादविरोधी कायद्याची टांच राहिली.

प्रतिसाद १ कडून

फ्रँकफुर्टच्या संसदेविषयी मलाही आदर आहे, पण तिच्यापाशी स्वतःचे सैन्य नव्हते. श्लेस्विग-होल्स्टाइन या सीमेवरील प्रांतांसाठी डेन्मार्कशी सुरू झालेले युद्ध प्रशियाने ऑगस्ट १८४८ मध्ये माल्मोच्या तहाने परस्पर थांबवले. संसदेने आधी तह फेटाळला आणि मग सप्टेंबरमध्ये निमूटपणे मान्य केला, कारण तो मोडून लढायला तिच्यापाशी कोणी नव्हते.