मदत हवी आहे: क्रोन्सच्या पेशंटला रात्रपाळीत खायला काय द्यावं? (सिडको-अंबड, नाशिक)

भाच्याला क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा, दीर्घकाळ चालणारा आजार) निघालाय. अंबड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, सिडकोत खोली. औषधं नीट चालू आहेत, प्रश्न खाण्याचा आहे. रात्रपाळीत कप नूडल्स, क्रीमची बिस्किटं आणि कोल्ड्रिंक, हेच त्याचं जेवण.

२०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २१ देशांतल्या लोकांचा अभ्यास आला होता. अतिप्रक्रियायुक्त पदार्थ जास्त खाणाऱ्यांत आतड्याच्या दाहाचे आजार जास्त दिसले. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नाही. उंदरांवरच्या प्रयोगात मात्र कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज आणि पॉलीसॉर्बेट ८० या इमल्सिफायरांनी (तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात ते पदार्थ) आतड्यातला चिकट संरक्षक थर बिघडला, जिवाणू थेट भिंतीजवळ सरकले. पाकिटावर हे ४६६ आणि ४३३ अशा आकड्यांत लपलेले असतात. बारीक अक्षरं वाचायला भिंगच हवं!

'घरचं खा' म्हणणं सोपं आहे हो. पण आतडं एका जागी अरुंद झालंय, म्हणून डॉक्टरांनी कोशिंबीर, मक्याचं कणीस, मोड आलेली कडधान्यं तूर्त बंद केलीत. म्हणजे मिसळही गेली. नाशिककराला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात मऊ, कमी तिखट डबा संध्याकाळी उशिरा पोहोचवणाऱ्या कुणी ताई आहेत का? आतड्याच्या आजारांचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ? नागलीची पेज तुमच्या घरच्या पेशंटला सोसली का?

काढे आणि चूर्णं कृपया सुचवू नका.