वायकिंग तलवार सव्वादोन किलोच्या वर जातेय, चूक कुठं?

परभणीकर
नाटकासाठी १० व्या शतकातल्या वायकिंग तलवारीची बिनधारेची प्रतिकृती चालू आहे. घिसाडीदादांनी ट्रकच्या कमानपाट्यातून पातं काढलंय: लांबी ७६ सेंमी, रुंदी ५ सेंमी, जाडी सगळीकडं ६ मिमी. परज (मुठीपुढची आडवी पट्टी), मूठ, बुड (मुठीच्या मागच्या टोकाचा जड भाग) धरून २.३ किलो भरतंय. खऱ्या एवढ्या जड असायच्या का? आणि रक्त वाहून जायची पन्हळ, म्हणजे पात्यावरची लांब खाच, किती खोल घ्यायची?

गोदाकाठ
नाही दादा, अस्सल तलवारी साधारण १ ते १.३ किलोच्या. ७६ × ५ × ०.६ म्हणजे २२८ घनसेंमी, ७.८५ नं गुणा, नुसतं पातंच १.७९ किलो झालं. परजेजवळ ५ मिमी ठेवा आणि उतरत उतरत टोकाशी २ मिमीवर आणा. रुंदीही शेवटी साडेतीन सेंमी करा. जाडी न उतरवता नुसती पन्हळ कोरली तर वजन घटतं, पण तोल पुढंच राहतो आणि मनगट भरून येतं. तोल परजेपासून १२ ते १५ सेंमीवर हवा.

पन्हळीचा रक्ताशी काही संबंध नाही, ती वजन घटवायला. कोरल्यानं पातं ताठ होतं हाही गैरसमजच. रुंदी २ सेंमी, परजेजवळ दोन्हीकडून सव्वा मिमी खोल, पुढं उथळ करत टोकाच्या ८-१० सेंमी आधी संपवा. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या नाहीत तर पाणी देताना (तापलेलं पातं बुडवून एकदम थंड करताना) पातं वाकतं.

घणऐरण
पाणी तेलातच द्या. या पोलादाला साध्या पाण्यात तडे जातात. नंतर पातं निळसर रंग येईपर्यंत तापवून नरमवायचं, नाहीतर काचेसारखं तुटेल. जुन्या पाट्यात बारीक चिरा असतात, म्हणून आधी रॉकेल लावून पुसा आणि वर खडू फासा. चीर असली तर रेघ उमटते.

आपल्याकडं पात्याचं आखूड शेपूट (मुठीत शिरणारा अरुंद भाग) राळेनं मुठीत बसवतात, तसं इथं करू नका. शेपूट मुठीतून आरपार न्या आणि बुडाच्या पट्टीवर ठोकून पसरवा. शेपूट जिथं पात्याला मिळतं तिथं काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. तलवार तुटते ती बहुतेक तिथंच.

परभणीकर
मग पुढच्या काळातल्या बऱ्याच तलवारींना पन्हळ का दिसत नाही?

गोदाकाठ
१४ व्या शतकात पत्र्याचं चिलखत वाढलं. त्यावर वार चालेना, सांध्यातून भोसकावं लागे. त्यासाठी ताठ पातं हवं, म्हणून पन्हळ जाऊन मधे उंच कणा आला आणि टोक निमुळतं झालं. मध्ययुगीन तलवारींचे अभ्यासक ओकशॉट यांच्या वर्गवारीतला १५ क्रमांकाचा प्रकार तोच. तुमच्या वायकिंग पात्याचं टोक मात्र बोथट गोलसरच ठेवा, ते कापायचं हत्यार.