जेसीने माघार घेतलेली नाही

'बेबी बूम' (१९८७) या चित्रपटात बड्या कंपनीत नोकरी करणारी जेसी बाळासाठी न्यूयॉर्क सोडते म्हणजे तिने माघारच घेतली, असं एकाने म्हटलंय; ते मला अजिबात पटलं नाही. तिला आधी ऑफिसातच बाजूला सारलं जातं. जेम्स स्पेडरचा केन सुरुवातीला तिच्या हाताखालचा. पुढे गोड बोलत तिचा मोठा क्लायंट तोच पटकावतो. ऑफिसात हे असंच होतं! जेसी झालेल्या डायन कीटनचा त्या वेळचा चेहरा विसरता येत नाही. पुढे ती व्हरमाँट राज्यात राहायला जाते; तिथल्या गुरांच्या डॉक्टरशी तिचं प्रेमप्रकरण छान आहे, पण घाईत उरकलंय. त्यापेक्षा ती बाळांसाठी सफरचंदाचा गर शिजवून बरण्या विकू लागते, तो भाग सरस. शेवटी जुन्या कंपनीत बसून हा धंदा विकत घेण्याचा लाखो डॉलरचा प्रस्ताव ती नाकारते, कारण तो तिला स्वतःच चालवायचा असतो.