मदत हवी आहे: छोट्या स्टुडिओसाठी फ्लॅश घ्यायचेत, टीटीएलसाठी जास्त पैसे घालावेत का?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

कराडला आमचा छोटा स्टुडिओ आहे, सासऱ्यांनी सुरू केलेला. आता मी आणि मिस्टर मिळून बघतो. खोली १२ बाय १६ फूट, छत साडेनऊ फुटांवर. पासपोर्ट, घरच्यांचे ग्रुप, बारशाची बाळं, पहिल्या वाढदिवसाची पोरं, आणि मधूनमधून एका साडीच्या दुकानाचं काम असतं. लग्नसराईत आम्ही दोघंही बाहेर असतो, तेव्हा स्टुडिओ एक मुलगी सांभाळते. हुशार आहे, पण कॅमेरा तिला नवीन.

सध्या दोन एलईडी पॅनेल आणि छत्रीत लावलेला एक जुना स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) यावर भागवतोय. एलईडीवर ग्रुप घ्यायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या खाली उतरता येत नाही, आणि पोर जरा हललं की फोटो गेलाच. म्हणून यंदा खरे स्टुडिओ फ्लॅश घ्यायचं नक्की केलंय.

दुकानात दोन पर्याय दाखवले. एक, विजेवर चालणारे साधे मॅन्युअल लाइट, म्हणजे ताकद आपणच हाताने लावायची, गोडॉक्स एसके ४०० टू च्या वर्गातले, दोन नग. दुसरा, बॅटरीवरचा टीटीएलवाला (लेन्समधून उजेड मोजून कॅमेराच फ्लॅशची ताकद ठरवतो तो) एकच लाइट, एडी ४०० प्रो च्या वर्गातला. त्या एकाच्या पैशांत साधे दोन, सॉफ्टबॉक्स आणि स्टँडसकट येतात आणि वर पैसे उरतात. दुकानदार म्हणतो, "मॅडम, टीटीएलच घ्या. सेटिंगचं टेन्शन नाही, सगळं कॅमेरा बघतो." सासरे म्हणतात, एफ ८ (लेन्स किती उघडी ठेवायची तो आकडा) लाव आणि लाइट जागचा हलवू नकोस, एवढं पुरतं.

विकत घेण्याआधी बघावं म्हणून ओळखीच्या एकाचा टीटीएल स्पीडलाइट आणून सॉफ्टबॉक्समध्ये लावला. बाळाला काळ्या वेलवेटवर झोपवलं, तर चेहरा पांढराफटक, कपाळावर तपशीलच उरला नाही. तेच बाळ पांढऱ्या दुलईवर घेतलं, तर दुलई राखाडी आणि चेहरा काळवंडलेला. लाइट तोच, अंतर तेच. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद कमी-जास्त करायची सोय) एकीकडे उणे, दुसरीकडे अधिक करून जमवलं. पण मग तेही सेटिंगच झालं ना?

तर प्रश्न असा, की लाइट स्टँडवर ठरल्या जागी उभा असताना टीटीएलचा खरंच उपयोग होतो का? आणि आम्ही नसताना त्या मुलीच्या हाती स्टुडिओ द्यायचा, तर तिला टीटीएल सोपं जाईल की मॅन्युअल? ही दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. ग्राहक फोटोसाठी वेळ काढून, नटूनथटून येतात. "मॅडम नाहीत, उद्या या" असं त्यांना सांगायला मला आवडत नाही.

वापरणाऱ्यांनी अनुभव सांगावा. कॅमेरा कॅनॉनचा आहे.

---

जुनी_निगेटिव्ह

ताई, वेलवेट आणि दुलईची चाचणी तुम्ही केलीत हे फार चांगलं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक फ्लॅश मारतो. समोरून परत आलेला उजेड लेन्समधून मोजतो, त्यावरून मोठ्या फ्लॅशची ताकद ठरवतो, आणि मग शटर उघडतं. म्हणजे तो मोजतो परतलेला उजेड. चेहऱ्यावर किती उजेड पडला, ते त्याला कळायचा मार्गच नाही. चौकटीत काळं जास्त असलं की कमीच परत आलं असं समजून तो ताकद वाढवतो, पांढरं जास्त असलं की घटवतो. बाळ तेच, पण चौकटीचा मोठा भाग कापडाने भरलाय. नव्या कॅमेऱ्यांचं मीटरिंग बरंच हुशार झालंय, तरी एकरंगी पार्श्वभूमीवर ते अजूनही फसतं, आणि स्टुडिओत पार्श्वभूमी एकरंगीच असते.

फिल्मच्या काळात हे वेगळ्या तऱ्हेने चालायचं. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ मध्ये फ्लॅश चालू असतानाच फिल्मवरून परतणारा उजेड मोजला जायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडला जायचा. डिजिटल सेन्सरचा पृष्ठभाग फिल्मसारखा उजेड परतवत नाही, म्हणून ही आधीच्या फ्लॅशची पद्धत आली.

स्वस्त लाइटमध्ये टीटीएल का नसतं, हेही सांगतो, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. साध्या लाइटमध्ये ताकद कमी करायची म्हणजे कपॅसिटर कमी व्होल्टेजला भरायचा, आणि फ्लॅश मारला की तो रिकामा होतो. आधी बारीक, लगेच मोठा असे दोन फ्लॅश एकाच भरणीतून त्याला मारता येत नाहीत. त्यासाठी फ्लॅश मध्येच तोडणारा आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच लागतो. जास्तीचे पैसे बरेचसे त्या सर्किटचे आणि बॅटरीचे.

एका जागी उभ्या लाइटला टीटीएल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचे सासरे बरोबर सांगतायत.

---

ढगाळ

काकांशी स्टुडिओपुरता सहमत. पण टीटीएल अगदीच निकामी, असा समज नको व्हायला.

माझं सगळं काम लग्नाचं. वरातीत असिस्टंट मोनोपॉडवर लाइट धरून चालत असतो. नवरदेव कधी ६ फुटांवर, कधी १२. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, म्हणजे सरळ दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तिथे प्रत्येक वेळी ताकद बदलत बसलो तर क्षण निघून जातो. अशा वेळी टीटीएल लावतो आणि अर्ध्या स्टॉपची चूक रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) सावरून घेतो.

आणखी एक. टीटीएलच्या लाइटसोबत बहुतेक वेळा हाय स्पीड सिंकही येतं, म्हणजे शटर फार वेगात असतानाही फ्लॅश चालतो. दुपारी उन्हात प्री-वेडिंग करताना एफ २ वर पार्श्वभूमी धूसर हवी असेल, तर शटर १/२००० च्या पुढे न्यावं लागतं, आणि विजेवरच्या साध्या लाइटला ते झेपत नाही. माझ्या मते लोक जास्तीचे पैसे टीटीएलसाठी देतात असं त्यांना वाटतं, पण खरा उपयोग करतात बॅटरीचा आणि या सिंकचा. गोडॉक्सने एडी ६०० चं मॅन्युअल रूपही वेगळं काढलं होतं, एडी ६०० बीएम. बॅटरी आहे, हाय स्पीड सिंक आहे, टीटीएल तेवढं नाही. माझ्या ओळखीत तो घेतलेल्यांपैकी कुणी अजून तक्रार केलेली नाही.

टीटीएलवाला घेतलातच तर एक्सप्रो ट्रिगरवरचं (कॅमेऱ्यावर बसवून लाइट बिनतारी पेटवणारं यंत्र) टीसीएम बटण शिकून घ्या. पहिला फोटो टीटीएलवर काढायचा, पटला की ते बटण दाबायचं. कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद मॅन्युअलमध्ये येऊन पक्की होते. पुढचे सगळे फोटो एकसारखे.

---

घाटमाथा

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. आयजीबीटीचं कारण पहिल्यांदाच कळलं. दुकानात विचारलं होतं, तर "कंपनी देत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

आमचं बाहेरचं काम मिस्टर कॅमेऱ्यावरच्या स्पीडलाइटवर करतात आणि त्यांना ते पुरतं. म्हणजे हा खर्च खरोखर स्टुडिओसाठीच आहे. पण मुलीचा प्रश्न अजून सुटला नाही. तिला एफ नंबर, आयएसओ, ताकद असं तिन्ही सांगायला गेले की ती गोंधळते. आणि साडीच्या कामात रंगावर काही परिणाम होतो का? त्या दुकानाचे मालक रंगाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत, आणि ते बरोबरच आहे. गिऱ्हाईक फोटो बघून साडी मागवतं.

---

हिस्टोग्राम

ताई, मी पुण्यात कपडे आणि दागिन्यांचंच काम करते. रंगाचं आधी सांगते.

फ्लॅशची ताकद बदलली की उजेडाचा रंग थोडा सरकतो. व्होल्टेजवर चालणारा साधा लाइट कमी ताकदीला किंचित पिवळसर होतो, आयजीबीटीवाला कमी ताकदीला किंचित निळसर. महागड्या लाइटमध्ये हे आटोक्यात ठेवलेलं असतं, स्वस्तात कमी. आता टीटीएलवर दहा साड्या काढल्या, तर प्रत्येक साडीला कॅमेरा वेगळी ताकद देणार. मोरपंखी पैठणीला एक, मोतिया रंगाच्या साडीला दुसरी. म्हणजे उजेडही वेगळा, रंगही वेगळा, आणि संगणकावर एकेक फोटो जुळवत बसायचं. मॅन्युअलवर पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरा, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवा, तेच सगळ्यांना लावा. या कामाला टीटीएल मी कधीच लावत नाही.

आता मुलीचं. मला वाटतं, नवख्या माणसाला टीटीएल जास्त अवघड जातं. सगळं ठीक असेल तोवर चालतं. पण काळ्या कोटातले वकील आले आणि चेहरा जळला, की नेमकं काय बदलायचं ते तिला कळणार नाही, कारण ताकद तिने ठरवलेलीच नसते. मॅन्युअलमध्ये तिला ठरवायचंच काही नाही, अशी व्यवस्था तुम्ही करून देऊ शकता. आमच्याकडे असंच चालतं.

जमिनीवर रंगीत टेप लावा. लाल टेपवर लाइटचा स्टँड, पिवळ्या टेपवर ग्राहकाचं स्टूल. भिंतीवर कागद चिकटवा, त्यावर पासपोर्टला लाइटची ताकद किती, ग्रुपला किती, बाळाला किती, एवढंच मोठ्या अक्षरात. कॅमेऱ्यात आयएसओ १००, १/१२५ आणि एफ ८ आधीच लावून ते कस्टम मोडमध्ये साठवून ठेवा, म्हणजे तिला फक्त वरची चकती फिरवायची. मग समोर वकील असोत की पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा, चेहऱ्यावर पडणारा उजेड बदलत नाही.

फक्त स्टूल सरकू द्यायचं नाही, हे तिच्या मनावर पक्कं ठसवा. ४ फुटांवर एफ ८ मिळत असेल, तर साधारण २ फूट १० इंचांवर एफ ११ होतं आणि ५ फूट ८ इंचांवर एफ ५.६. सॉफ्टबॉक्स मोठा आणि जवळ असला की हिशोब जरा हलतो, म्हणून तुमच्या खोलीत एकदा मोजून घ्या. जमलं तर वाचलेल्या पैशांतून एक फ्लॅश मीटर घ्या, सेकॉनिकचा साधा एल-३०८ एक्स सुद्धा पुरेल. हनुवटीखाली धरला की पडणारा उजेड मोजतो. साडी काळी की पांढरी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अजून एक, आणि हे घेण्याआधी नक्की बघा. एसके ४०० टू ची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६ पर्यंतच खाली येते, म्हणजे २५ वॉट-सेकंद (फ्लॅशची ताकद मोजायचं एकक). तुमची खोली लहान आहे. बाळांना एफ २.८ वर घ्यायचं म्हटलं तर सर्वांत कमी ताकदही जास्त होईल. गोडॉक्सचाच ३०० वॉट-सेकंदाचा एमएस ३०० हा १/३२ पर्यंत उतरतो, म्हणजे साधारण ९ वॉट-सेकंद. तुमच्या जागेत तुम्हाला ताकद कमी पडणार नाही, कमी करता न येण्याची अडचण येईल. माझ्या मते टीटीएलपेक्षा हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा आहे.

---

जुनी_निगेटिव्ह

शेवटचा मुद्दा फार मोलाचा, ताई. मी सहसा १/८ च्या वर जातच नाही, आणि माझी खोली यांच्यापेक्षा मोठी आहे.

डोळ्यांचं राहिलं. काही माणसांची पापणी फार चपळ असते. आधीच्या बारीक फ्लॅशला ती मिटते आणि मोठ्या फ्लॅशला डोळे अर्धवट बंद येतात. दोन-तीन लाइट वेगवेगळ्या गटांत टीटीएलवर लावले की प्रत्येक गट आपापला बारीक फ्लॅश मारतो, तेवढा वेळ आणखी लांबतो. म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा "डोळे उघडे ठेवा" म्हणायला जिवावर येतं. मॅन्युअलमध्ये आधीचा फ्लॅशच नाही.

---

घाटमाथा

ठरलं. ३०० चे दोन मॅन्युअल लाइट, दोन सॉफ्टबॉक्स, आणि पैसे उरले तर मीटर. टेपचं मुलीला आजच सांगितलं, तिलाही पटलं. तिनेच विचारलं, की बाळासाठी वेगळ्या रंगाची टेप लावू का. अर्थात लाव म्हटलं.

रांगणाऱ्या पोरांचं काय करायचं ते मात्र विचारायचंय. ती एका टेपवर थोडीच बसणार?

आणि ट्रिगर यायला आठवडा लागेल म्हणतात. तोवर कॅमेऱ्यावर जुना स्पीडलाइट ठेवून त्याच्या उजेडावर हे लाइट पेटवता येतील का? लाइटमध्ये तशी सोय आहे असं ऐकलंय.

---

ढगाळ

रांगणाऱ्या पोरांसाठी लाइट जवळ न आणता लांब न्या आणि ताकद वाढवा. लाइट ३ फुटांवर असताना पोर दीड फूट पुढेमागे झालं तर एक्स्पोजर पार कोलमडतं. ८ फुटांवर असताना तेवढ्याच हालचालीने अर्ध्या स्टॉपच्या आसपास फरक पडतो, तो सावरता येतो. छत पांढरं असेल तर एक लाइट छताकडे वळवा, खोलीभर जवळजवळ सारखा उजेड पडेल, मग पोर कुठेही जाऊ दे. सावल्या सपाट होतात, पण हसरा चेहरा मिळतो.

ट्रिगरचं: हो, लाइटमध्ये स्लेव्ह असतो, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की आपोआप पेटायची सोय. पण स्पीडलाइट टीटीएलवर ठेवू नका. त्याच्या बारीक फ्लॅशलाच स्टुडिओ लाइट पेटतील आणि शटर उघडेपर्यंत विझलेले असतील. डोळ्यांना सगळे लाइट पेटलेले दिसतात आणि फोटो मात्र काळा येतो. लोक लाइट बिघडला समजून परत द्यायला जातात. स्पीडलाइट मॅन्युअलवर १/६४ ला ठेवा, तोंड छताकडे करा, आणि लाइटवर एस १ निवडा. एस २ हा पहिला फ्लॅश सोडून दुसऱ्याला पेटणारा मोड आहे, तो टीटीएलवाल्या स्पीडलाइटसाठी. ट्रिगर आला की स्लेव्ह बंद करायचं विसरू नका, नाहीतर ग्रुप फोटोत पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश तुमचे लाइट उडवत राहतील.

---

घाटमाथा

छत पांढरंच आहे. लाइट आले की स्पीडलाइट १/६४ वर आणि एस १ लावून बघते, आणि वेलवेट-दुलईचे नवे फोटो याच धाग्यावर टाकते.