गृहकर्ज मुदतीआधी फेडायचे आहे : घरखर्चातून उरणारी रक्कम कशी वळवावी?

नमस्कार. आमचे गृहकर्ज मुदतीच्या बरेच आधी फेडून टाकावे असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले आहे. घरखर्चाला शिस्त लावून दरमहा सुमारे 12,000 रुपये बाजूला निघू लागले आहेत. ही रक्कम सगळीच्या सगळी कर्जात भरावी की तिची विभागणी करावी, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. नेमके उत्तर देता यावे म्हणून आकडे सविस्तर देत आहे.

आम्ही नाशिकला राहतो. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि मी एका खासगी शाळेत शिकवते. घरात सासूबाई आणि सातवीत शिकणारी मुलगी आहे. दोघांचे मिळून महिन्याला साधारण 82,000 रुपये हातात येतात. जून 2021 मध्ये आम्ही 30 लाखांचे कर्ज 20 वर्षांसाठी घेतले. व्याजदर रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराशी, जोडलेला आहे. तेव्हा रेपो 4 टक्के असल्याने आमचा दर 6.90 टक्के होता आणि हप्ता 23,079 रुपये बसला. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 6.50 टक्क्यांवर गेला आणि आमचा दर 9.40 टक्के झाला. हप्ता मात्र तोच राहिल्यामुळे त्यातून मुद्दलाकडे महिन्याला जेमतेम तीन-चारशे रुपये जाऊ लागले. पुढे बँकेने हप्ता वाढवून 27,740 रुपये केला. 2025 मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने उतरून डिसेंबरमध्ये 5.25 टक्के झाला, त्यानुसार आमचा दर 8.15 टक्क्यांवर आला. या घसरणीच्या काळात हप्ता कमी करू नये, असे आम्ही बँकेला लेखी कळवले होते. आज सुमारे 26.70 लाख रुपये बाकी आहेत आणि याच हप्त्याने ते फिटायला अजून तेरा वर्षे लागतील. तोपर्यंत यजमान निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतील, आणि मुलीचे उच्च शिक्षण तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होणार आहे. या दोन गोष्टींमुळेच कर्ज लवकर संपवण्याचा विचार पक्का झाला.

आता घरखर्चाविषयी. दर महिन्याच्या शेवटी आम्ही दोघे वही घेऊन बसतो आणि प्रत्येक खर्च लिहून काढतो. हप्ता वगळता शाळा व शिकवणी 9,000, किराणा-दूध-भाजी 16,000, वीज, गॅस आणि सोसायटीची देखभाल मिळून 5,500, सासूबाईंची औषधे 3,000, पेट्रोल व किरकोळ प्रवास 4,500, आणि विम्याच्या हप्त्यांसाठी बाजूला ठेवलेले 4,000, अशी साधारण मांडणी आहे. खरी बचत किराण्यात होईल असे मला आधी वाटत होते, पण वहीने वेगळेच दाखवले. घरपोच मागवलेले जेवण, मोबाईलवरून सहज होणारी लहानसहान खरेदी आणि हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू या तीन ठिकाणी सर्वाधिक पैसा जात होता. हप्त्यांवर काहीही घ्यायचे नाही हा नियम केल्यापासूनच महिन्याचा ताळमेळ बसू लागला. यजमान आता कंपनीच्या बसने जातात. सासूबाईंची काही औषधे जनऔषधी केंद्रातून आणतो आणि तेथे फरक चांगलाच पडतो.

वर्षाची भरणी मात्र आम्ही सोडलेली नाही. मार्च-एप्रिलमध्ये गहू ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतो, त्याच सुमारास डाळी भरून ठेवतो आणि उन्हाळ कांदा गॅलरीत हवेशीर पसरून ठेवतो. नीट निवडून ठेवला तर तो दिवाळीपर्यंत टिकतो, हे नाशिककरांना सांगायला नको. यात पैसा वाचतो; पण एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम लागते, म्हणून त्यासाठी किराण्याच्या रकमेतूनच दरमहा थोडे वेगळे ठेवावे लागते. लग्नसराईतला आहेर आणि दिवाळीचा खर्च यजमानांच्या बोनसमधून भागवतो. मुलीचा नृत्याचा वर्ग बंद करून बचत करावी, असे एका नातेवाइकांनी सुचवले होते. ते मला अजिबात मान्य नाही. कर्ज फेडायचे ते घर सुखी राहावे म्हणून, तेव्हा त्यासाठी लेकराची आवड मोडण्यात अर्थ नाही.

दरमहा 12,000 जादा भरल्यास कर्ज सुमारे साडेसात वर्षांत संपते आणि अंदाजे 7.7 लाख रुपये व्याज वाचते, असे माझे गणित सांगते (दर हाच राहील असे धरून). दोघेही नव्या करप्रणालीत असल्यामुळे राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट आम्हाला मिळत नाही, म्हणजे हे 8.15 टक्के पूर्णपणे आमच्या खिशातून जातात. दुसरीकडे, मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यावर 8.2 टक्के करमुक्त व्याज मिळते, तर भविष्य निर्वाहाच्या सार्वजनिक खात्यावर, म्हणजे पीपीएफवर, 7.1 टक्के. अडचणीसाठी म्हणून आमच्याकडे फक्त 1 लाखाची मुदत ठेव आहे.

माझे प्रश्न असे आहेत. जादा रक्कम दरमहा भरावी की साठवून वर्षातून एकदा भरावी? बँकेकडून मुदत कमी करून घ्यावी की हप्ता? सुकन्या खात्यात अधिक भरणे आणि कर्ज फेडणे यांत आधी काय करावे? आणि अडचणीसाठीची शिल्लक किती झाल्यावर निर्धास्तपणे सगळा पैसा कर्जाकडे वळवावा?

पहिला प्रतिसाद :

ताई, मी सहकारी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षे काम केले आहे. तुमचे गणित बरोबर आहे. मुदत आणि हप्ता यांतला फरक तुमच्याच आकड्यांवर सांगतो. आज 1 लाख रुपये जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे 10 महिन्यांनी घटते आणि अंदाजे 1.8 लाख व्याज वाचते. तेच 1 लाख भरून मुदत तशीच ठेवली, तर हप्ता साधारण 1,040 रुपयांनी उतरतो आणि व्याज मात्र 60-65 हजारच वाचते. म्हणून प्रत्येक वेळी 'मुदत कमी करावी' असे लेखी द्या आणि नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्या. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट 2023 चे परिपत्रक सांगते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून लावता येत नाही, त्यामुळे दरमहा भरायला हरकत नाही. साठवून ठेवलेल्या पैशावर तेवढे महिने व्याज चालूच राहते.

मात्र 1 लाखाची शिल्लक मला अपुरी वाटते. तुमचा हप्त्यासह तीन महिन्यांचा खर्च 2 लाखांच्या पुढे जातो. सुरुवातीला 8,000 कर्जात आणि 4,000 शिलकीत टाका. कायम असेच भरत राहिलात तरी कर्ज साधारण पावणेनऊ वर्षांत फिटेल, म्हणजे सव्वा वर्षाचाच फरक पडेल. आणि शिल्लक अडीच लाखांवर गेली की सगळे 12,000 कर्जाकडे वळवता येतील. सासूबाईंचे वय सत्तर किंवा त्याहून अधिक असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, त्यातून उपचारांसाठी वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळते. सुकन्या खात्याचा दर तुमच्या कर्जाएवढाच आहे, पण तो पैसा मुलगी दहावी होईपर्यंत किंवा अठरा वर्षांची होईपर्यंत काढता येत नाही, तेव्हा तेथे सध्याचा नेहमीचा भरणा चालू ठेवा, वाढवू नका.

मूळ धागाकर्ती :

काका, मनापासून आभार. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यामुळे कार्डाचे काम याच आठवड्यात हाती घेते. 8,000 आणि 4,000 ही विभागणी यजमानांनाही पटली आहे. एक शंका राहते. ओव्हरड्राफ्ट स्वरूपाच्या गृहकर्ज खात्यात जादा पैसा ठेवला तर तेवढ्यावरचे व्याज थांबते आणि गरज पडल्यास तो काढताही येतो, असे वाचले. त्याचा दर मात्र थोडा जास्त असतो. आमच्या शिलकीएवढ्या रकमेसाठी चालू कर्ज तशा खात्यात बदलून घेणे परवडेल का? ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी प्रक्रिया शुल्क किती लागले आणि दरात किती फरक पडला, हे कृपया लिहावे.