टाकीचं झाकण टिकटिक करतं, तरी पेट्रोलचा वास येतो. झाकण बदलू की नुसती रिंग?

खडखडाट

नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी आहे, चांगली जुनी. टाकी फुल केली की मागच्या चाकापाशी पेट्रोलचा वास दरवळतो, उन्हात उभी राहिली तर जास्तच. टाकी अर्ध्यावर आली की वास जातो. खाली आडवा होऊन बॅटरी मारून बघितलं; ठिपका नाही, पाईप ओला नाही.

झाकण फिरवलं की टिकटिक होते, म्हणजे ते घट्ट बसतंय असं मी धरून चाललोय. पण आतली काळी रबरी रिंग चपटी झालीये आणि नखाने दाबली तरी दबत नाही. झाकण गाडीला बांधून ठेवणारी प्लॅस्टिकची पट्टी कधीच तुटली. त्यात आता चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी ०४५५ दिसतो. एक मेकॅनिक म्हणतो झाकण बदला, दुसरा म्हणतो कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) गेला. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून इथे विचारतोय. नुसती रिंग मिळते का? आणि झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, तो चांगला की वाईट?

निवांतस्वार

रिंगला थोडं ग्रीस चोपडा, मऊ पडेल. एवढ्यासाठी कशाला नवीन झाकण!

अर्धा_इंच_पाना

निवांतराव, ग्रीस नको. कडक झालेलं रबर ग्रीसने मऊ होत नाही, नुसतं चकाकतं. वर त्या चिकट थरावर धूळ बसते, रिंग आणि पाईपच्या तोंडामध्ये तीच कचकच अडकते आणि पुढे टाकीत उतरते. रिंगला कोरडं, धागे न सुटणारं फडकं पुरतं.

खडखडाट, आधी टिकटिकीचं बोलू. झाकणात रॅचेट असतो. तुमच्या हाताचा जोर ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की वरची मूठ सुटी फिरते, म्हणजे रबर चिरडत नाही आणि आटे मोडत नाहीत. एवढंच त्याचं काम. सील लागलं की नाही, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. रिंग अजिबात नसली तरी काही झाकणं टिकटिक करतील.

आता पी ०४५५. टाकीतली वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये धरून ठेवायची आणि इंजिन चालू असताना ओढून जाळायची, अशी ती व्यवस्था आहे. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर हवा आत येण्याची वाट बंद करतो, इंजिनच्या ओढीने आत थोडा व्हॅक्यूम करतो आणि तो टिकतो का ते बघतो. टिकला नाही की 'मोठी गळती' म्हणून हा कोड पडतो. झाकण, पाईपचं तोंड, होज, पर्ज व्हॉल्व्ह (वाफ इंजिनकडे सोडणारा), व्हेंट व्हॉल्व्ह (बाहेरची हवा आत घेणारा), कॅनिस्टर हे सगळं एकाच कुंपणात येतं. कुंपणाला भोक आहे एवढं कोड सांगतो, कुठे ते सांगत नाही. झाकण सैल असल्याचा पी ०४५७ हा वेगळा कोड आहे, पण तो प्रत्येक गाडी देतेच असं नाही. त्यामुळे तुमचे दोन्ही मेकॅनिक सध्या अंदाजच मारतायत.

घरी बघण्यासारखं म्हणजे रिंगवरचा ठसा. झाकण उलटं करा, रिंग पुसा आणि उजेडात तिरकी धरा. पाईपच्या तोंडाची कड जिथे दाबली जाते तिथे गोल रेघ उमटलेली असते. ती सलग आणि सारख्या जाडीची हवी. एखाद्या ठिकाणी फिकी झाली किंवा तुटली, तर वाफ तिथूनच निघते. मग झाकण पूर्वी जसं बसत होतं तसं धरून, त्याच जागी पाईपच्या कडेवरून बोट फिरवा. पंपावरचा नोझल वर्षानुवर्षं त्या कडेवर आपटत असतो. रंगाचा टवका उडाला की लोखंडी पाईपला तिथून गंज धरतो. कड खडबडीत झाली असेल तर नवं कोरं झाकण आणूनही वास तसाच राहील, आणि दोष बिचाऱ्या झाकणाला!

फुस्स आवाज: उन्हात टाकीत दाब वाढतो, झाकण सैल करताना क्षणभर वाफ बाहेर सुटली तर घाबरू नका. फक्त सावकाश उघडा आणि तोंड बाजूला ठेवा. उलट हवा आत ओढल्यासारखा लांब आवाज येत असेल, तर टाकीत हवा येण्याची वाट तुंबलीये. तुमचा आवाज कुठला ते बघा.

आणखी एक. वास टाकी भरल्यावरच येतो म्हणालात, ते मला खटकतंय. झाकणातून येणारा वास अर्ध्या टाकीलाही थोडाफार यायला हवा. फक्त फुल टाकीला येत असेल, तर टाकीच्या माथ्यावरचं, इंजिनला पेट्रोल ढकलणाऱ्या आतल्या पंपाचं सील आणि भरणीच्या पाईपचा वरचा जोड हेही बघून घ्या; पेट्रोल तिथवर चढलं की मगच त्यांची गळती कळते. आणि नोझल कट झाल्यावर 'राऊंड फिगर' करायला अजून थोडं कोंबता का? कोंबत असाल तर आजच बंद करा. कॅनिस्टर वाफेसाठी आहे. त्यात पातळ पेट्रोल शिरलं तर कोळसा खराब होतो, आणि मग तुमचा दुसरा मेकॅनिक बरोबर ठरतो.

डिझेलभक्त

आमच्या डिझेलवाल्यांना वासाचा त्रास कमी, पण झाकणाकडे दुर्लक्ष केलं तर पाणी शिरतं. पाना साहेबांनी एक सांगितलं नाही. झाकणाभोवतीच्या वाटीसारख्या खळग्यात, अगदी तळाशी, पाणी निघून जायला बारीक भोक असतं. त्यात पाला आणि चिखल बसला की पावसाचं पाणी साचून झाकण त्यातच बुडून राहतं. बारीक प्लॅस्टिकची काडी घालून मोकळं करा, पण झाकण बंद असताना, नाहीतर घाण टाकीत.

कुलूपवालं झाकण असेल तर कुलपात तेल ओतू नका, धूळ धरतं. ग्रॅफाइटची पूड चालते.

खडखडाट

बघितलं. ठसा बराचसा सलग आहे, पण वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा कोरी. पाईपच्या कडेवर तिथेच तांबूस फोड आलाय. भोक तर पूर्ण बुजलेलं, मोकळं केलं. आवाज बाहेर सुटणाराच आहे. आणि हो, राऊंड फिगरची सवय आहे, ती आता बंद.

आता झाकण घेऊ की पाईप? गंज कानशीने घासला तर? लोकल झाकण त्याच आट्याचं मिळतंय.

अर्धा_इंच_पाना

कानस नको. कीस थेट टाकीत पडतो. फोड नखाने खरवडून बघा, टाकीत काही पडणार नाही अशा बेताने. खाली गुळगुळीत लोखंड लागलं तर फडक्याने पुसून पुढे चला. नख खड्ड्यात अडकलं तर मात्र कुठलीही रिंग ती कड बंद करणार नाही, पाईपच बदलावा लागेल.

झाकण मात्र घ्याच, कारण तुमची रिंग कडक झालेली आहे. रिंग सुटी मिळत असेल आणि रॅचेट नीट असेल तर तीही चालेल, पण गाडीच्या पार्ट नंबरचीच. नळाची रिंग मापात बसते म्हणून लावू नका. पाण्याच्या कामाचं रबर बरेचदा पेट्रोलमध्ये फुगतं.

लोकल झाकणाबद्दल: नुसते आटे जुळून भागत नाही. काही झाकणं हवा आत-बाहेर जाऊ देणारी असतात, काही बंद, म्हणजे टाकीत व्हॅक्यूम फार वाढला तरच त्यांचा आतला छोटा व्हॉल्व्ह हवा आत घेतो. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. तुमच्या कॅनिस्टरवाल्या गाडीला पहिल्या जातीचं लावलंत तर वाफ सरळ हवेत आणि दिवा कायम. उलट, जी जुनी गाडी झाकणातूनच श्वास घेते तिला पूर्ण बंद झाकण लावलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो, इंजिनला पेट्रोल पोचत नाही आणि गाडी आचके देत बंद पडते. म्हणून चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढा आणि त्याचंच घ्या. पट्टी बहुधा झाकणासोबतच येते.

नवं झाकण लावताना आधी थोडं उलटं फिरवा, आटा खाली बसल्याचं हाताला कळतं, मग सुलट. किती टिकटिक ऐकायच्या ते गाडीच्या पुस्तकात आहे. काहींना एकच पुरते.

दिवा लगेच विझला नाही तर झाकण परत करायला धावू नका. ही तपासणी इंजिन थंड असताना सुरू केलं, आणि टाकी अगदी रिकामी वा अगदी भरलेली नसली, तरच होते. नेहमीसारखी गाडी चालवा, टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवा.

काही दिवसांनी नव्या रिंगवरचा ठसा बघा. त्याच जागी कोरा राहिला तर पाईप. ठसा सलग असून दिवा आणि वास दोन्ही कायम असतील, तर कॅनिस्टरला हात लावायच्या आधी धुराची टेस्ट करून घ्या. यंत्रणेत धूर सोडतात, गळती जिथे असेल तिथून तो बाहेर येतो. टाकीच्या माथ्यावर बघायला मेकॅनिकला मुद्दाम सांगा.

निवांतस्वार

नवं झाकण येईपर्यंत तोंडात फडका कोंबून ठेवला तर?

अर्धा_इंच_पाना

निवांतराव, नको! फडका पेट्रोल शोषून वातीसारखा बाहेर आणतो. जुनं झाकण कसंही असलं तरी तेच लावून ठेवायचं.