भुरं पिल्लू आणि लॅब्राडॉरचा ‘वाण’

सक्करदरेकर :
लॅब्राडॉर घ्यायचा होता. विकणारा फोनवर म्हणाला, ‘भुरी फीमेल आहे.’ आमच्या घरी भुरं म्हणजे फिकट, उन्हानं केस भुरे होतात तसं. पिवळं पिल्लू समजून गेलो, तर ओल्या ढेकळासारखं गडद! त्याचंही चूक नाही. नागपुरात अर्धं बोलणं हिंदीत, आणि हिंदीतला भूरा म्हणजे तपकिरी. वर तो म्हणाला, ‘चॉकलेट वाण आहे, भाऊ.’ कुत्र्याला वाण म्हणतात का?

धरमपेठची मास्तरीण :
म्हणतात की. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण म्हणजे रंगच. वर्णाचा वाण झाला. लॅब्राडॉरचे मान्य रंग तीन : काळा, पिवळा, चॉकलेट. जात एक, वाण तीन.

काटोलवाला :
ताई, म्हण बरोबर, पण आज शेतकऱ्याला वाण विचारा, तो कापसाचा नाहीतर सोयाबीनचा सांगते. बियाण्याचा प्रकार. कुत्र्याला तो शब्द लावला की वाटते, चॉकलेटचं कूळच वेगळं. माझ्या भावाकडची जोडी दोन्ही काळीकुळकुळीत. पहिल्याच वेतात काळी, पिवळी, चॉकलेट, तिन्ही पिल्लं! शेजारची बाई कुत्रीवर संशय घेऊन राह्यली होती.

सक्करदरेकर :
मग संशय काऊन नको?

काटोलवाला :
काळा रंग वरचढ. त्याच्या आड चॉकलेट दडून राहते, आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसते. पिवळ्याचंही तसंच, पण तो दोघांकडून आला की अंगावर काळा किंवा चॉकलेट दिसूच देत नाही. नाक तेवढं चुगली करते : पिवळ्या कुत्र्याचं नाक काळं, नाहीतर तपकिरी. दोन्ही पिवळ्यांना काळं पिल्लू झालं, तर मग खुशाल संशय घ्या.

धरमपेठची मास्तरीण :
मग ‘वाण’ मागे घेते. यांचा पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचा सेंट जॉन्स कुत्रा, काळा, छातीवर पांढरं. नोंदीतला पहिला पिवळा लॅब्राडॉर, १८९९ सालचा बेन ऑफ हाइड, तोही काळ्याच आई-बापांचा. एकाच घरातले रंग हे, त्यांना रंगच म्हणावं. ऋग्वेदात (१०.१४) यमाचे कुत्रे ‘चतुरक्षौ शबलौ’ आहेत. शबल म्हणजे कबरा. चार डोळ्यांचे म्हणजे भुवयांवर ठिपके असलेले, असा एक अर्थ लावतात. डॉबरमन पाहिला की मला तो पटतो.

सक्करदरेकर :
आणि चॉकलेटला मराठीत?

धरमपेठची मास्तरीण :
तपकिरी.

काटोलवाला :
तपकीर ओढणारे उरले कुठं, ताई? पोरं विचारतात तपकीर म्हणजे काय. चॉकलेटच म्हणा. आणि फोनवर कोणी ‘भुरी’ म्हटलं, तर आधी फोटो मागवा.